वैद्यबाईचा पहिला नंबर

दिराची जिरवायची हे मी ठरवलं तेव्हा माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. हसनाबादहून सासरचे पाहुणे आल्ते, पंगत बसली होती, आणि चुलत सासरे दिराच्या पाठीवर थाप मारून सांगत होते, "पोरानं नाव काढलं. गावातली समदी पोरं मोबाइलवर ह्याचंच ऐकून राह्यलीत." दीर मान खाली घालून लाजत होता. लाजायला कारणही होतंच. ज्या यादीमुळं त्याचं नाव झालं होतं ती माझी होती, आणि घरात हे फक्त दोघांना माहीत होतं. त्याला आणि मला.

यादी कसली, ते सांगते. मोबाइलवरचा ऑनलाइन खेळ आहे, राजे-राक्षस-जादूगारांचा. साठेक नायक आहेत त्यात. आपण पाच निवडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या पाचांशी लढवायचे. एक नायक पूर्ण वाढवायला महिनोन्‌महिने रोज खेळून जमवलेले स्फटिक लागतात, आणि एकदा लावले की परत मिळत नाहीत. म्हणून खेळणाऱ्या प्रत्येकाचा सवाल एकच, कोण भारी आणि कोण बेकार? त्यासाठी लोक याद्या बनवतात. पहिला दर्जा, दुसरा दर्जा, तिसरा, आणि तळाला टाकून दिलेले.

या खेळात मला दिरानंच ओढलं. रोजची बारीकसारीक कामं करायचा त्याला कंटाळा. "वहिनी, कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर एवढं दाबत बसा ना जरा," म्हणून त्यानं जुना मोबाइल माझ्या हातात दिला. मंग काय, एकीकडं भाजी फोडणीला टाकायची आणि दुसरीकडं ह्याचे राक्षस मारायचे. दोन-तीन महिन्यांत माझ्या ध्यानात आलं की मला हे त्याच्यापेक्षा चांगलं जमतंय. मी माझं वेगळं खातं उघडलं आणि त्याच्याच गिल्डमध्ये, म्हणजे टोळीत, जाऊन बसले. तिथं मला एक जोडीदारीण मिळाली. अंबडला कोर्टासमोर टायपिंग करणारी मुलगी. कधी भेटलो नाही, पण संध्याकाळी तासभर कानात हेडफोन घालून आम्ही दोघी लढायचो आणि सगळ्या जगाची उणीदुणी काढायचो. ती मला ताई म्हणायची.

नोकरी माझी नवीन जालना भागात, एका बियाण्याच्या कंपनीत. ट्रायलच्या नोंदी ठेवते. आमच्याकडं नवीन वाण आलं की ते एकटं पेरत नाहीत. शेजारी जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं वाण पेरतात, त्याला चेक म्हणतात. तुलना त्याच्याशी. तीन ठिकाणी पेरायचं. कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत, कारण त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो आणि त्या उगाच जोरदार दिसतात. पिशवीवर वाणाचं नाव नसतं, नुसता कोड. कोणता कोड म्हणजे कोणतं वाण, तो कागद साहेबांच्या कपाटात. त्याला आम्ही चावी म्हणतो. नाव दिसलं की माणूस आवडत्याला जास्त गुण देतो, असं साहेब म्हणतात, आणि कुणी वही चोरलीच तर त्याच्या हाती नुसते आकडे लागतात.

मी नायकांची ट्रायल लावली. पहिल्या दिवशी सगळ्यांना फुकट मिळणारा म्हातारा जादूगार हा माझा चेक. प्रत्येक नायकाला तेच हत्यार, तोच राक्षस. तीन वेगवेगळ्या मैदानांत लढायचं आणि प्रत्येक ठिकाणची पहिली आणि शेवटची लढाई सोडून द्यायची, कडेची ओळ म्हणून. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं आणि लढाई दुसऱ्या हातानं. वर्षभर हे चाललं. वहीत सगळे कोड, चावी शेवटच्या पानावर. आणि पहिला नंबर कुणाचा निघाला? वैद्यबाईचा! करड्या कपड्यातली, औषधांची पाटी पाठीला लावलेली बाई, जी कुणाला मारत नाही, नुसती बाकीच्या चौघांना उभं ठेवते. तिला कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. तिला वर चढवताना मला जो आनंद झाला तो का झाला, हे मी फोडून सांगणार नाही.

ही वही दिरानं माझ्या पर्समधून काढली, फोटो मारले आणि व्हिडिओ बनवला. "भावांनो, एक वर्ष घासलंय मी ह्याच्यासाठी!" एक वर्ष! ह्यानं आंघोळीची बादली कधी स्वतः भरून घेतली नाही. वैद्यबाईचा पहिला नंबर ऐकून लोक आधी हसले, मंग करून बघितलं, आणि मंग ह्याला डोक्यावर घेतलं. मी त्याला गच्चीवर गाठलं. म्हटलं, "भाऊजी, व्हिडिओ राहू द्या. फक्त खाली एक ओळ टाका, यादी वहिनीनं केलेली हाय." तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुमचं नाव टाकलं तर कोण इसवास ठेवंल, वहिनी? लोक म्हणतील बाईमाणसाचा टाइमपास हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खाली उतरून मी कणीक मळली, कारण पाहुणे यायचे होते.

त्याच पाहुण्यांना वरण वाढताना मी ठरवलं. भांडायचं नाही. रडायचं तर बिलकुल नाही. चोर जिथून आत येतो तिथंच सापळा लावायचा.

संधी चालून आली. खेळाचं मोठं अपडेट आलं आणि निम्म्याहून जास्त नायकांची ताकद बदलली. जुन्या याद्या रद्दी झाल्या. गिल्डची मोठी स्पर्धा पावणेदोन महिन्यांवर होती आणि दीर घरभर भिरभिरत होता. चहा देताना मी सहज म्हटलं, "मी लागलेय बरं का परत, नवीन ट्रायल लावून राह्यले." त्याच्या तोंडावरचा उजेड बघायला हवा होता.

ट्रायल मी खरीच लावली. पंधरा दिवस जिवाचं रान केलं. वैद्यबाई पुन्हा पहिली आली, तिचा कोड सात. तळाला गेला पंखवाला राजपुत्र, कोड सतरा. दिसायला असा की बघत राहावं, सोनेरी पंख, हातात विजेचा भाला, आणि लढाईत सगळ्यात आधी आडवा. आतल्या पानांवरचे आकडे मी खरेच ठेवले. शेवटच्या पानावरच्या चावीत तेवढी सात आणि सतराची अदलाबदल केली. आता वही वाचणाऱ्याला राजपुत्र पहिला दिसणार होता. पण तो एक-दोन लढाया करून बघेल, मंग कळेल, ही धास्ती होती. म्हणून चावीत राजपुत्राच्या नावाखाली मी एक ओळ लिहिली, 'पूर्ण वाढवल्याशिवाय ह्याचा गुण दिसत नाही.' ती ओळ लिहायला मला अर्धा तास लागला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घोटून लिहिलेलं वाक्य तेच असेल.

वही फ्रिजवर ठेवली आणि भाजी आणायला गेले. परत आले तेव्हा वही तिथंच होती, पण उलटी.

दोन दिवसांत व्हिडिओ आला. "भावांनो, सगळ्यांना धक्का बसणार हाय!" राजपुत्र पहिला, वैद्यबाई तळाला. राजपुत्र त्याला पहिल्यापासून आवडायचा, त्यामुळं त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. तीन मैदानं, चेक, कडेच्या लढाया सोडणं, सगळं माझं बोलणं त्यानं पोपटासारखं म्हटलं. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि चारही वेळा मला गोड झोप लागेल असं वाटलं.

अंबडच्या मुलीला सांगावं, हे मनात आलं होतं. पण तिच्या तोंडून बाहेर फुटलं तर? आणि ती असले व्हिडिओ बघत नाही, काही विचारायचं तर मलाच विचारते, असं मी धरून चालले होते. त्यातच ऑफिसात पेरणीच्या आधीची घाई सुरू झाली. खरिपाच्या पिशव्या, कोड, गाड्या. महिनाभर मी खेळात गेलेच नाही.

स्पर्धेची लढाई रविवारी दुपारी होती. दिरानं मोबाइल टीव्हीला जोडला. मित्र जमले, सासूबाईसुद्धा खुर्ची ओढून बसल्या. गिल्डकडून लढणाऱ्यांत मला घेतलं नव्हतं. "वहिनी, तुम्हाला चहापाण्याचं बघावं लागंल ना." बघते की! मी स्वयंपाकघराच्या दारात चहा गाळत उभी राहिले, तिथून टीव्ही बराबर दिसतो.

राजपुत्र पंख पसरून आला. पोरं ओरडली. भाला उगारला, आणि समोरच्या साध्या ढालवाल्यानं त्याला असा काही आपटला की सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मेला का हा?" मेला! दुसऱ्या फेरीत मेला, तिसऱ्या फेरीत मेला. समोरच्या टोळीत कोण होतं? वैद्यबाई. पाटी पाठीला लावून ती एकेकाला उभं करत होती, आणि आमच्याकडचे एकामागून एक झोपत होते. मी चहात जरा जास्तच साखर घातली.

व्हिडिओखाली लोकांनी जे लिहिलं ते इथं लिहिता येणार नाही. दीर संध्याकाळी स्वयंपाकघरात आला. डोळे लाल. "वहिनी, चावी बदलली का तुम्ही?"

"कोणती चावी, भाऊजी?" मी भाकरी थापता थापता म्हटलं. "यादी तर तुमची हाय ना? एक वर्ष घासलंय तुम्ही."

बाहेर त्याचे वडील आणि माझा नवरा बसले होते. त्यांच्यासमोर काय बोलणार होता, की वहिनीची वही चोरली? तो निघून गेला. त्या दिवशीची भाकरी अशी टम्म फुगली! दोन जास्तीच्या खाल्ल्या मी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अंबडच्या मुलीचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी आवाज ऐकला, मी खुशीत होते, तिला म्हणणारच होते की ऐक, एक गंमत सांगते. पण तिचा आवाज बसलेला होता.

"ताई, मी समदे स्फटिक राजपुत्राला लावले. दीड वर्षाचे. तुम्ही कामात होता म्हणून इचारलं न्हाई."

"राजपुत्राला? का गं?" मी विचारलं.

"मी तसले व्हिडिओ बघत न्हाई, तुम्हाला माहीत हाय. पण तुमच्या दिराचा पहिला व्हिडिओ बघितला तवाच वळखलं होतं. कडेच्या लढाया सोडायच्या, म्हातारा चेक धरायचा, हे तुमच्याकडूनच ऐकलं होतं, दुसरं कोण करतंय? म्हटलं यादी ताईंची हाय, नुसतं तोंड त्यांच्या दिराचं. मंग दुसरी आली. तीच पद्धत. डोळे झाकून लावले." मंग तिनं विचारलं, "ताई, ती यादी तुमचीच होती ना?"

यादी माझी आहे, ही एक गोष्ट कुणीतरी म्हणावी म्हणून मी गच्चीवर दिराच्या मोबाइलसमोर उभी राहिले होते. हीच वदवून घ्यायला मी वही फ्रिजवर ठेवली, पंधरा दिवस घातले, एक ओळ अर्धा तास घोटली. आणि ती म्हणणारी पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझ्या कानात होती. तिनं नाव मागितलं नव्हतं, पुरावा मागितला नव्हता. हातातला डबा तसाच राहिला.

"न्हाई गं," मी म्हटलं. "माझी न्हाई ती. त्यानं पद्धत चोरली आन बाकी मनानंच ठोकून दिलं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा हलका झाला. "म्हटलं ताईंची यादी चुकणार न्हाई. जाऊ द्या. आता पहिल्यापासून जमवते. मंग तुमची खरी यादी कधी टाकताय? तुमच्या नावानं टाका."

"टाकते," मी म्हटलं.

टाकली नाही. वहीचं शेवटचं पान मी फाडलं आणि चावी नव्यानं, बरोबर लिहिली, सात म्हणजे वैद्यबाई, सतरा म्हणजे राजपुत्र. पण आतले आकडे तेच आहेत, तीन मैदानांचे, त्याच पंधरा दिवसांचे, आणि दिराच्या व्हिडिओत ते एकेक करून पडद्यावर दिसतात. ती टायपिंग करणारी मुलगी आहे. दोन कागद शेजारी ठेवून ओळीनं ओळ ताडून बघणं हे तिचं रोजचं काम आहे. फक्त दोन कोड अदलाबदल केलेत हे तिला एका नजरेत दिसेल.

दिरानं व्हिडिओ बनवणं बंद केलं, आणि त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही. अंबडची मुलगी अजून विचारते, ताई, यादीचं काय झालं. मी म्हणते, अजून ट्रायल चालू हाय.