मुक्या मुंगसाची कॅसेट

धुळ्यातल्या कापसाच्या जिनिंग मिलमागच्या गल्लीत अठ्ठ्याऐंशी साली पहिला टीव्ही आला तो तोताराम फिटरच्या घरी. रविवारी सकाळी त्यावर एका मुंगसाचं हिंदी कार्टून लागे आणि ओट्यापर्यंत माणसं दाटत. तोतारामच्या बायकोला, मंजुळाबाईला, हिंदी अगदीच कळत नसे असं नाही. पण चित्रातली हिंदी पळायची फार. मग तोताराम टीव्हीचा कान पिळून आवाज बंद करी आणि मुंगसाचं सगळं बोलणं स्वतःच अहिराणीत बोले. मुंगूस दर वेळी खड्ड्यात पडे, आणि तोताराम ओरडे, "पडनू व माय, पडनू!" मंजुळाबाई तोंडात पदर कोंबून हसे. मुंगूस मुळात काय म्हणत असे, देव जाणे!

पुढे कार्टून बंद झालं. तंबाखूनंही आपला डाव साधला. सत्त्याण्णव साली तोतारामच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज तेवढा गेला. खाणाखुणांवर संसार चालतो, नाही असं नाही, पण भांडायलासुद्धा मजा येत नाही. भाकरी थापता थापता मंजुळाबाईला त्या आवाजाची अशी आठवण येई की हात तसाच परातीत राही.

एकदा पाचकंदील चौकात एका हातगाडीवर तिला डबीवर तेच मुंगूस दिसलं.

"हाई काय शे?"

"मुंगसानी कॅसेट, अक्का."

कॅसेट म्हणजे टेपात घालायची, आणि मुंगसाचा आवाज म्हणजे तिच्या लेखी तोतारामचाच. वेडी आशा, पण ती घेऊनच बाई घरी आली. कॅसेट काही टेपात बसेना. शेजारचा कौतिक पोट धरून हसला. "वहिनी, टेपनी नही, टीव्हीना खेळनी कॅसेट शे!"

त्यानंच आपला व्हिडिओ गेमचा डबा आणून टीव्हीला जोडून दिला. पडद्यावर चौकोनी मुंगूस आलं. शेपटीचा रंग उडालेला, तोंडातून नुसतं टुंईक टुंईक.

"हाऊ बी मुका?" मंजुळाबाई मटकन बसली. तिला रडूच आलं.

"स्वस्तना माल शे, वहिनी," म्हणत कौतिक हळूच निघून गेला.

तोतारामनं खेळाचा रिमोट हातात घेतला. फिटरचा हात तो. तीन खड्डे लीलया ओलांडले. चौथ्यात मुंगूस पडलं. टुंईक. त्यानं बायकोकडं पाहिलं. पुन्हा पाडलं, पुन्हा पाहिलं.

मंजुळाबाईनं डोळे पुसले. "पडनू व माय, पडनू!"

तोतारामचे खांदे गदगदा हलले. हसण्याला आवाज नव्हता, पण हसणं तेच होतं.

मग रोज जेवणं झाली की खेळ सुरू. आता मात्र मुंगूस पहिला खड्डासुद्धा ओलांडेना. सातव्यांदा पडलं तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले.

"मुद्दाम पाडतस ना त्याले?"

तोतारामनं मान खाली घातली. त्या आवाजासाठी आपणच तेवढे झुरतो असं तिला इतके दिवस वाटत होतं. त्यानं एक बोट वर केलं: आणखी एकदा. मंजुळाबाई त्याच्याजवळ सरकून बसली आणि अगदी त्याच्याच हेलात ओरडली.