पाचवा नायक आणि तान्हा पोळा

आमच्या घरात सध्या एका मालिकेचं वेड आहे. तिच्यात एकच नायक पाच विश्वांत पाच वेळा जन्मलेला असतो. एकाकडे मंत्राने पेटणारी तलवार, एकाचा हात यंत्राचा, एक राजा, एक चोर. पाचवा एकाच भागात येतो. चौघे त्याला विश्व वाचवायला बोलवायला जातात, तर हा कणीक मळतच "मी नाही येत" म्हणतो आणि दार लावून घेतो. त्याला हसण्यापुरतं ठेवलंय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी मालिका दोनदा पाहिली आहे; अशा बाबतीत माझा शब्द अखेरचा असतो, निदान माझ्या मते.

बाबा मूळचे कुही गावचे. त्यांचा अर्थ वेगळा. "हे पाचही सख्खे भाऊ हायेत गा. बापानं वाटणी करून नाही देली, म्हणून भांडून राहिले." समांतर विश्वं समजवायला मी ताटात पाच वाट्या मांडल्या. बाबांनी त्यातली वरणाची उचलून पिऊन टाकली.

एवढ्यात तान्हा पोळा आला. लाकडी बैल सजवून, वेश करून पोरं येतात. सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत त्याला बक्षिसंही असतात. माझ्या पोरीला मी तलवारवाला करणार होतो, आणि तेही दणक्यात. कारण मिहानमधल्या माझ्या कंपनीने मला दोन वर्षं जर्मनीला बोलावलं होतं, एकट्यालाच. पोळा झाला की उत्तर द्यायचं होतं आणि माझं जायचं ठरल्यात जमा होतं. पोरीला सांगितलं तर ती नुसती "बरं" म्हणाली आणि बैलाची शिंगं रंगवत बसली. किती समजूतदार लेकरू, असं मला वाटलं.

मी आठवडाभर खपून पुठ्ठ्याची तलवार केली, आत लुकलुकणारे दिवे भरले. ऐन वेळी ती म्हणाली, "मले पाचवा बनायचं हाये."

"काहून वं? त्याले तर तलवारच नाही!"

ऐकेल तर शपथ. गालाला पीठ फासून, एका हातात परात आणि दुसऱ्यात बैलाची दोरी घेऊन ती मंचावर चढली. माझं डोकं फिरलं होतं.

परीक्षक शेजारच्या काकू. "स्वयंपाकीण झाली का वं?"

"नाही, हिरो."

सगळी गल्ली हसली. मी खालून ओरडलो, "काकू, ही पाचवी आवृत्ती आहे!" बाबा माझ्यावर ओरडले, "धाकटा भाऊ हाये तो!"

काकूंनी आम्हा दोघांनाही गप्प केलं. "पण जग बुडून राहिलं, तरी हा काहून नाही गेला?"

"त्याची पोरगी मागं झोपली हाये ना."

साफ चूक! अशी पोरगी मालिकेत नाहीच. घरी येताच तिला खोटं पाडायला मी तो भाग लावला. नायकाच्या पाठीमागे अंधारात खाट होती, आणि पांघरुणातून दोन चिमुकले पाय बाहेर आले होते. दोन्ही वेळा माझं सगळं लक्ष दारातल्या तलवारीकडे होतं. मला भडभडून आलं.

कंपनीला नकार कळवला आणि पोरीला सांगितलं, मी जात नाहीये. तिने असं काही भोकाड पसरलं की बाबा आतून धावत आले आणि माझ्यावरच खेकसले, "काहून मारलं गा तिले?"