काकांनी थांबा चुकवला नाही

एकतीस वर्षं काकांनी शहरात बस चालवली. परमेश्वराच्या कृपेने गाडीला ओरखडा नाही की नावावर दंड नाही. त्याबद्दल येत्या रविवारी आगारात त्यांचा सत्कार ठरला होता. काकूंनी सदऱ्याला इस्त्रीसुद्धा करून ठेवली. आणि शुक्रवारी परदेशातून पाकीट आलं.

दोन महिन्यांपूर्वी दोघं परदेश फिरून आली होती. तिथे काकांनी भाड्याने लाल मोटार घेऊन सगळी हौस भागवून घेतली. आता पत्र सांगत होतं की बससाठी राखलेल्या पट्ट्यात मोटार घातलीत, दंड भरा. सोबत फोटो. लाल मोटार बसथांब्यावर ऐटीत उभी!

"तरी मी म्हणत होते, अहो, इथे कशाला थांबलात?" काकू म्हणाल्या.

"थांबा दिसला, हात आपोआप वळला. मी काय करू?"

"दोन बायका चढायला पुढे आल्या होत्या. मीच त्यांना हाताने नको नको केलं."

मुलगा हसत म्हणाला, "बाबा, फाडून टाका. ते काय विमानाने वसुलीला येणार आहेत?"

"फाडायचं नाही," सून म्हणाली. "पण आधी खरं आहे का ते बघू. हल्ली खोटी पत्रंही येतात." तिने मोटारीचा नंबर, तारीख, वेळ भाड्याच्या कागदाशी ताडून पाहिली. पत्रातल्या पत्त्यावर न जाता तिथल्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः शोध घेतला. "खरं आहे, बाबा. मुदतीत भरलं तर निम्म्यावर सुटका."

काकांनी तिथल्या तिथे दंड भरला. पण घास काही गोड लागेना. बिनदंडाचा माणूस म्हणून हार घालून घ्यायचा, तो आता कुठल्या तोंडाने?

शनिवारी सकाळीच ते पत्र घेऊन आगारात गेले. "साहेब, सत्कार रद्द करा. मला दंड झालाय."

साहेबांनी फोटो पाहिला, मग पुन्हा पाहिला आणि खुर्चीतच हसत सुटले. आवाज ऐकून काकांच्या बसवरचे जुने कंडक्टर आत आले. फोटो बघून म्हणाले, "गड्या, परक्या मुलखातसुद्धा थांबा सोडला नाहीस होय रे? घंटी कोणी दिली, वहिनींनी?"

साहेब डोळे पुसत म्हणाले, "सत्कार नोकरीतल्या वर्षांचा आहे. त्यात दंड होता का?"

"नाही."

"मग रविवारी या."

"येतो. पण याचंही सांगा. लपवून हार नको."

रविवारी साहेबांनी सगळं सांगितलं आणि फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. हसून हसून लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. काकू तर पदराने तोंड झाकून बसल्या. काका मात्र गळ्यात हार घालून ताठ उभे राहिले.

"हसून झालं असेल तर चाकाकडे बघा," ते नव्या ड्रायव्हरांना म्हणाले. "फुटपाथपासून जेमतेम एक वीत. म्हाताऱ्या माणसाला एका पावलात चढता येतं. तुमच्यापैकी इतक्या जवळ गाडी कोण लावतो? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.