वॉर्डातलं एकच भांडं

पुण्यातल्या कुठल्याही दवाखान्यात जा, तिथे कधी ना कधी माझ्या आत्येभावाने एखाद्या अनोळखी माणसाची उशी सारखी केलेली असणारच. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आजाऱ्यांना भेटणं हेच त्याचं काम. भेटायला जायचा एकाला, परतायचा सगळ्या वॉर्डाची खबरबात घेऊन. शनिवार पेठेतल्या एका करड्या गृहस्थांनी त्याला विचारलं होतं, "आपण कोण?" हा म्हणाला, "अजून कुणीच नाही. मोसंबं सोलून देऊ?" गृहस्थ म्हणाले, "बिया काढून द्या." दुसऱ्या दिवसापासून ते त्याची वाट बघू लागले.

माझ्या बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी घरच्यांच्या पाळ्यांचा तक्ता केला. सकाळची पाळी याने मागून घेतली. अठरा खाटांना दोन सिस्टर आणि एक मावशी, तीही अर्धा वेळ शेजारच्या वॉर्डात. म्हणून लघवीच्या पिशव्या नातेवाइकांनीच रिकाम्या करायच्या. याने सगळ्यांच्याच करायला घेतल्या. मापाचं भांडं एकच. ते घेऊन तो एकेका खाटेपाशी जाई, माप डोळ्यांसमोर धरी आणि टपाल वाटल्यासारखा पुकारी, "नऊ नंबर, चारशे!" मग वहीत सुवाच्य अक्षरात नोंद. सिस्टर म्हणत, "काका, तुम्ही आहात म्हणून निभतंय." मलाही ती वही फार आवडायची.

पाचव्या दिवशी बाबांना थंडी वाजून ताप भरला. मग शेजारच्या खाटेवरच्यांना, मग समोरच्या वाघोलीच्या शिक्षकांना. तिघांच्या लघवीच्या तपासणीत एकच जंतू निघाला आणि नेहमीची औषधं त्याच्यावर चालेनात. संसर्ग रोखण्याचं काम बघणाऱ्या सिस्टर वॉर्डात आल्या.

"काका, हे भांडं किती जणांना वापरता?"

"सगळ्यांना!" तो अभिमानाने म्हणाला. "मध्ये विसळतो की."

"आणि हात?"

"रुमाल आहे ना."

त्यांनी भांडं त्याच्या हातातून काढून घेतलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक. प्रत्येक खाटेला वेगळं भांडं हवं, आहे एकच. पण आजपासून तुम्ही हात लावू नका."

"म्हणजे मामांना हे माझ्यामुळे...?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही, काका."

त्याने वही मिटून त्यांच्या हातात दिली.

शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध बाबांना दोन आठवडे सलाईनमधून चाललं. बाबा उठले. वाघोलीचे शिक्षक गेले. त्यांना याने रोज स्वतःच्या हाताने मोसंबं भरवलं होतं. त्यांच्या घरी भेटायला गेला तेव्हा तो दाराशीच उभा राहिला. "आत या ना," म्हणाले ते लोक, तरी गेला नाही.

आता संध्याकाळी तो बाबांना चालवायला आमच्याकडे येतो. आधी बेसिनपाशी जातो. कोपरापर्यंत साबण लावतो, धुतो, पुन्हा लावतो. हातांना भेगा पडल्यात.

"अरे, पुरे झालं की," मी म्हणते.

"तू तुझं काम कर."

बाबा वॉकर धरून उभे असतात. पाय थरथरतात, पण बसत नाहीत. नळ बंद होईपर्यंत थांबतात आणि मग आपला हात त्याच्यापुढे करतात.