पुसलेल्या रेघा

रुख्मिणीबाईंशी जैनथच्या बाजारात कुणी सहसा हुज्जत घालत नसे. गिऱ्हाइकाने वांग्यांच्या टोपल्यात न विचारता हात घातलेला त्यांना खपत नसे. नवरा गेल्यावर त्या दिराच्या घरीच राहिल्या. पण धाकटी जाऊ रेणुका आणि त्या एकमेकींकडे पाहून हसल्याचं आम्हा शेजाऱ्यांना आठवत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या उजव्या गालात आतून गाठ आली. आदिलाबादच्या डॉक्टरने तपासून नागपूरला धाडलं. तिथे तेहतीस दिवस किरणं द्यायचं ठरलं. आधी दोन दिवस नुसतं मोजमाप चाललं. फोटो काढले, डोकं किती वळवायचं ते ठरवलं आणि गालावर, मानेवर जांभळ्या रेघा ओढल्या. "मशीन या रेघांवरच लागते. पुसायच्या नाहीत," डॉक्टरांनी बजावलं. दर आठवड्याला शुक्रवारपर्यंत किरणं, शनिवारी बसने जैनथ.

घरी रेणुकाने त्यांचा पेला वेगळा काढला.

"लागन होते."

"होत नाही. डॉक्टरनं सांगतलं."

"मग डॉक्टर काऊन नाही ठेवून घेत तुमाले आपल्या घरी?"

तिसऱ्या रविवारी रेणुकाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. दुपारी रुख्मिणीबाईंचा आतल्या खोलीत डोळा लागला होता. गाल पेटल्यासारखा झाला म्हणून त्या दचकून उठल्या, तर जाऊ रॉकेलचा बोळा घेऊन शेजारी बसलेली. किरणांनी काळवंडलेली कातडी सोलवटली होती. रेघा गेल्या होत्या.

"पाहुण्यांसमोर असं रंगवलेलं तोंड घेऊन फिरता काय?" रेणुका म्हणाली.

पाहुणे बैठकीत टेकल्यावर रुख्मिणीबाई ओला पदर गालाला लावून बाहेर आल्या.

"मले कॅन्सर हाय. दवाखान्याच्या खुणा या बाईनं रॉकेलनं पुसल्या. पोरगी चांगली हाय, पण माय कशी हाय ते पाहून घ्या."

पाहुणे चहा न घेता उठले.

सोमवारी नागपुरात, मशीनखाली निजवणारा सुधाकरराव त्यांचा गाल पाहून भडकला. "गावंढळ लोक! सगळी मेहनत मातीत!" बाहेर रांग लागलेली. त्याने पेन घेऊन आठवणीनेच नव्या रेघा ओढल्या, त्यांचं डोकं धरून वळवलं, जागा दाखवणारा दिवा लावला.

"थांबा. उजेड डोळ्यात येऊन राह्यला."

"हलू नका!"

"तेरा दिवस कदी आला नाही. आज काऊन?"

"तुम्ही डॉक्टर आहात का? पडून राहा!" त्याने त्यांचा खांदा दाबला.

रुख्मिणीबाईंनी हात झिडकारला आणि टेबलावरून उतरल्या. "अंदाजानं ओढतं काय रे? डोळा माहा जाईल, तुहा नाही. बोलाव डॉक्टरले!"

डॉक्टर आले. जुने फोटो काढून त्यांनी मापं घेतली. रेघ दीड बोट वर गेली होती. त्यांनी सगळ्यांसमोर सुधाकररावाला झापलं, चार दिवस किरणं थांबवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजमाप केलं. सुधाकरराव चुकलो म्हणाला नाही. उरलेले वीस दिवस तो दिवा लावून दात आवळून उभा राही, आणि रुख्मिणीबाई उजेड कुठे पडतो ते नीट पाहिल्यावरच डोळे मिटत.

गाठ गेली. तोंड मात्र कायमचं कोरडं पडलं. भाकर पाण्यात कुस्करून खावी लागे. त्यांनी परसात वेगळी चूल मांडली.

पुढच्या वर्षी रेणुकाच्या मुलीचं लग्न भीमपूरला जमलं. दीर बाबाराव अक्षता घेऊन चुलीपाशी आले.

"रेणुकाले पाठवा," त्या म्हणाल्या. "तिनं तोंडानं बोलवावं."

रेणुका आली नाही. मांडव अंगणातच, वीस पावलांवर पडला होता. रुख्मिणीबाई आपल्या खोलीचं दार लावून आत बसल्या. त्यानंतर त्या बारा वर्षं जगल्या, आणि त्या दोघी एका विहिरीवर पाणी भरत असूनही एकमेकींशी बोलल्या नाहीत.