मेणाचा नवा हात

“एटे, जरा लांब हो. त्या जाकिटात तू नेडपरीस वंगाळ घाण मारतीयास.”

“मारू दे की. घाणीसाठीच तर घातलंय. तुला हुंगायला कुणी बोलिवलंय, वॅट?”

दगडी बांधाच्या पलीकडं एटी हेडली, अलीकडं मी. जन्मभर आम्ही असंच बोलत आलो. तिचा नवरा नेड त्या साली मेंढ्या व्यायच्या ऐन दिवसांत खोकून खोकून मेला, आणि पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून त्याचं जाकीट हिच्या अंगावर. लोकांना वाटलं, बाईची माया. माया कसली!

ते मेणकापडी जाकीट नेडनं लग्नाच्या वर्षी घेतलेलं, एका मेलेल्या मेंढपाळाच्या घरच्या लिलावात. तेव्हाच ते जुनं होतं. कॉलर झिजलेली, कोपरांवर ठिगळं. पण कापड असं की वादळ पाठीवर घ्यावं. एटीनं तिथंच विचारलं, “आन् मला?” नेड म्हणाला, “तू काय, घरातच असतीस.”

घरात! आमच्या कोकेट नदीच्या खोऱ्यात नेडइतकीच एटीही डोंगर चढत होती. फक्त ती खताच्या पोत्याची खोळ करून चढायची. वरून धो धो कोसळायला लागलं की हा आपला कोरडा, आणि ही मागनं भिजलेल्या कोंबडीसारखी.

जाकीट सांभाळायचं काम मात्र तिचं. थंडी तोंडावर आली की ती ते ओट्यावर पसरायची. गार पाण्याच्या फडक्यानं चिखल पुसायचा, साबण दाखवायचासुद्धा नाही, नाहीतर जाकीट मेलंच. मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवायचा, मेण पातळ झालं की चिंधीनं शिवणीशिवणीत जिरवायचं, आणि लोखंडी चुलीपाशी टांगायचं. मग नेड यायचा, बोट फिरवून बघायचा आणि म्हणायचा, “काखंत राहिलं.” दरसाल एवढंच. शाबासकी म्हणून कधी खाकरला नाही.

कुत्र्याचंही तसंच. मॉसला ती हाक मारायची नाही, भाकर घालायची नाही. “कुत्र्याला दोन धनी चालत न्हाईत,” नेड म्हणायचा. कुत्र्याला मेंढ्यांवर सोडायची शीळसुद्धा त्यानं तिला शिकवली नाही. ऐकून ऐकून ती शिकली, आणि हुबेहूब घालायची. पण नेड मेल्यावर तिनं शीळ घातली, तर मॉसनं कानसुद्धा हलवला नाही. मेंढ्या वर डोंगरावर व्यात होत्या आणि कुत्रं दारात मुटकुळं करून पडलेलं.

त्याच दिवशी एका मेंढीचं कोकरू मेलं. अशा वेळी आम्ही मेलेल्याचं कातडं सोलतो आणि पोरक्या कोकराच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवतो. मेंढी वास घेते आणि आपलंच समजून पाजते. एटी कातडं सोलत बसली होती. रक्तानं भरलेले हात तसेच राहिले आणि ती जाकिटाच्या खुंटीकडं बघत राहिली.

तिनं जाकीट चढवलं. नेडच्या दुखण्यात दोन थंड्या त्याला मेण लागलं नव्हतं. वास नुसता तंबाखूचा, लोकरीच्या तेलाचा आणि नेडच्या घामाचा. मॉस उठला, आळस दिला, आणि शीळ ऐकून डोंगराकडं सुटला.

“जलमभर त्यानं हे मला घालू दिलं न्हाई,” एटी मला म्हणाली, “आन् आता काढू देत न्हाई.”

उन्हाळाभर तिनं तसंच रेटलं. जमीनदाराचा कारभारी फेनविक येऊन सांगून गेला होता, “ऑक्टोबरात सगळा कळप एकटीनं डोंगरावरून उतरवून दाखवा, हेडलीबाई. डोंगराचा खंड तुमच्या नावावर करतो. नाही जमलं, तर घर आणि खालचं कुरण तुमचं. डोंगर वॅट टेल्फरकडं.” वॅट टेल्फर म्हणजे मी. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. तरी आमचं बांधावरचं बोलणं चालूच राहिलं.

कळप उतरवायच्या आदल्या दुपारी मी तिची करवत परत द्यायला गेलो, तर ओट्यावर जाकीट पसरलेलं, डबा गरम पाण्यात, आणि एटीच्या बाह्या वर.

“आगं, उद्याचं उरकल्यावर लाव की.”

“उद्या मरणाचा पाऊस हाय. ह्ये पाठीतनं गळतंय.”

“पर मॉस...”

“कोकरावर कातडं किती दिस ठेवतोस रं तू?”

“तीन.”

“मग? मेंढी तीन दिसात पोरकं आपलं म्हणती. ह्यानं आख्खा उन्हाळा माझ्या हातचं खाल्लंय.”

मला पटलं. आमच्या खोऱ्यात कुणालाही पटलं असतं.

तिनं काख तर दोनदा चोळली.

सकाळी पाऊस आडवा आला. फेनविक गाडीत काच वर करून बसला. मी बांधाशी होतो. एटीनं शीळ घातली. मॉस आला, जाकिटाची कड हुंगली, बाह्या हुंगल्या. मग तिच्याभोवती फिरून तिच्यामागं कुणाला तरी शोधलं. आणि शेपूट खाली घालून घरात गेला, रिकाम्या खुंटीखाली जाऊन पडला.

फेनविकनं काच खाली केली. “काय झालं, बाई?”

“कुत्र्यानं मला वळाकलं,” एटी म्हणाली.

मग ती काठी घेऊन एकटी वर गेली. अर्धा कळप ओढ्यापर्यंत आणलासुद्धा. तिथं मेंढ्या फुटल्या आणि पुन्हा वर चढल्या. फेनविक मला म्हणाला, “टेल्फर, तुमची कुत्री आणा.” मी आणली. दुपारपर्यंत कळप खाली होता. तो सगळा वेळ एटी बांधाचं फाटक धरून उभी होती, मेंढ्या आत घेत होती.

डोंगर कळपासकट माझ्याकडं आला. मॉसलाही मी घेऊन गेलो, पण त्यानं माझंही काम केलं नाही. दोरी चावून परत तिच्या खुंटीखाली.

हिमाच्या आधीच्या पावसात मी एकदा कुरणावरनं चाललो होतो. एटी राहिलेल्या चार मेंढ्यांना गवत टाकत होती.

“मेंढीला पान्हा असतोय, म्हणून ती पोरकं आपलं म्हणती, एटे,” मी म्हणालो. किती दिवस ते मनात होतं. “कुत्र्याला काय द्यायचं असतंय?”

“आता सुचलं व्हय तुला? डोंगर घेऊन?”

पाणी तिच्या खांद्यांवरनं बदकाच्या पाठीवरनं ओघळावं तसं ओघळत होतं. तिनं जाकिटात हात घातला, काखेतनं फिरवून बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. कोरडा ठणठणीत.

“काखंत राहिलं म्हनायचा मुडदा,” ती म्हणाली. आणि गवताचा भारा उचलून पुढच्या गव्हाणीकडं गेली.