दाजींनी बसवलेला डबा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, ट्रकचे मेकॅनिक. माझं पंक्चरचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागूनच, त्यामुळे त्यांच्या शिव्या मी आयुष्यभर फुकटात ऐकल्या. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव. पण इंजिनाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. बाकीचे मेकॅनिक काम झाल्यावर धुतात, आमचे दाजी आधी.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. पाना हातात असायचा आणि हे पाना शोधायचे. एकदा घर समजून माझ्याच दुकानात शिरले आणि ताईला हाका मारू लागले. मी म्हटलं, "दाजी, आता मीच जेवायला वाढू का?" ते हसले नाहीत, मग मलाही हसू येईना. डॉक्टरांचं नाव काढलं की ताई उठून भांडी घासायला लागायची. म्हणायची, "वय झालं की होतं असं. कामात चुकतात का, ते सांग." कामात चुकत नव्हते. तेवढ्या एका गोष्टीला ती घट्ट धरून बसली होती.

दाजींचा धाकटा भाऊ स्वतःचा ट्रक चालवायचा. त्याच्या इंजिनात इंधन थेट सिलेंडरमध्ये उडतं, त्यामुळे हवेचे व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ त्यांच्यावर बसते, तिची काजळी धरते आणि गाडी चढावर धापा टाकते. उपाय साधा. वाफेच्या नळीत मध्येच एक डबा बसवायचा. तेल डब्यात साचतं, नुसती हवा पुढे जाते, आणि डबा अधूनमधून रिकामा केला की झालं. कुणीही बसवला असता. पण धाकट्याला दादाशिवाय दुसऱ्याचा हात गाडीला लागलेला खपत नसे.

दाजींनी दिवसभर जीव ओतून काम केलं. नळी उघडी दिसली की कचरा जाऊ नये म्हणून तिच्यात चिंधी कोंबायची, ही त्यांची जुनी सवय. चिंध्या त्यांच्याच निळ्या पट्ट्यांच्या जुन्या शर्टाच्या, ताईने फाडून दिलेल्या. डबा सुरेख बसला. नळीला कुठे मुरड नाही, क्लिपा एका रांगेत. इंजिन चालू करून त्यांनी कान लावला आणि समाधानाने मान हलवली. ताईचा चेहरा इतका उजळला, की माझी शंका खोटी ठरली याचं मलाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भरलेला ट्रक चढावर बसला. तेलाचा लाल दिवा लागला होता, पण धाकट्याला वाटलं दिवाच बिघडलाय. कालच तर दादाचा हात फिरलाय. वाफेला बाहेर पडायला वाटच नव्हती. दाबाने सील उडालं, तेल रस्त्यावर सांडलं आणि इंजिन जाम झालं. धाकट्याचं सगळं घर त्या ट्रकवर चालायचं.

ट्रक ओढून गॅरेजात आणला. दाजींनी हात धुतले, डब्यापुढची नळी सोडवली आणि चिमट्याने आतून चिंधी ओढून काढली. तेलाने काळी झाली होती, तरी निळे पट्टे दिसत होते. मला दिसले, धाकट्याला दिसले. ताईने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस आमच्या डोळ्यांदेखत कोसळणार. धाकटा त्यांना धरायला पुढे सरकला.

दाजी चिंधी उलटीसुलटी करून बघत राहिले. मग धाकट्यावर खेकसले, "कुठल्या गाढवाकडे गेला होतास?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. मग म्हणाला, "होता एक, दादा. वाटेतला."

"डबा बसवायचा होता तर माझ्याकडे यायला काय झालं होतं? मी काय मेलोय?" म्हणत त्यांनी पाना उचलला.

"चुकलं माझं," धाकटा खाली मान घालून म्हणाला.

ताई पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या हत्याराला कधी हात लावला नव्हता. एरवी दाजींनी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी तो मुकाट्याने देऊन टाकला.